भावाच्या घरची लाइन

तानाबाईची घरगाडी अंगणात येऊन थांबली की चहा मागाहून आणि भिंतीवरच्या बोर्डाची तपासणी आधी, हे तिच्या सगळ्या नातेवाइकांना आता पाठ झालं आहे. बाई खाली उतरते, पायातली चप्पल काढत नाही, सरळ प्लगच्या पॉइंटपाशी जाते, डोळे बारीक करून बघते, वाकून वास घेते आणि विचारते, "हा कवा जळला होता?" यजमान बिचारा पाण्याचा गडवा घेऊन मागे ताटकळत असतो. मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा इतकं निरखून बघत नाहीत. कुणी म्हणालंच, "अवो बाई, इतके वर्सं चालू हाय, काई होत नाई," तर ती ऐकल्यासारखं करते आणि पिशवीतून टेस्टर काढते.

घरगाडी म्हणजे एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. तिचं तरुणपण वऱ्हाडी मंडळी वाहण्यात गेलं. तानाबाईचा नवरा सुखदेव यष्टीचा ड्रायव्हर. निवृत्त झाला आणि घरात कुणाला न विचारता ही गाडी दारात आणून उभी केली. "जन्मभर दुसऱ्याईले त्याईच्या गावाले सोडलं अन् तसाच मांगं फिरलो. आता मी सोता मुक्कामाले थांबणार हाय," असं त्याचं म्हणणं. तानाबाईनं अबोला धरला. पण हिंगणघाटच्या वेल्डरकडे गाडीतल्या सीटा निघून तिथं दोन माणसांचा पलंग बसला, छोटा ओटा झाला, त्याखाली ठेंगणा फ्रीज सरकवला गेला, आणि खिडक्यांना पडदे कुठल्या रंगाचे लावायचे हा प्रश्न आला, तेव्हा तिला बोलावंच लागलं. पडद्यांचा रंग सुखदेवच्या हातात सोडणं तिला परवडणारं नव्हतं.

गाडीतला पंखा आणि दिवे तिच्या बॅटरीवर चालतात. फ्रीज आणि खिडकीवरचा छोटा एसी यांना मात्र बाहेरची लाइन लागते. म्हणजे ज्याच्या दारात मुक्काम, त्याच्या घरच्या पॉइंटवरून जाड वायर ओढून आणायची आणि गाडीला जोडायची. वर्धा जिल्ह्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या गाडीत लाइनीशिवाय दुपार काढायची म्हणजे स्वतःला वाफवून घेणं आहे. त्यातून सुखदेवच्या हृदयाला स्टेंट बसवलेला. उन्हात त्याला जपा, असं डॉक्टरांनी तानाबाईला बजावलेलं आहे. सुखदेवला बजावून उपयोग नाही हे त्यांनी पहिल्या भेटीतच ओळखलं होतं.

आता ही जोडणी सुखदेवनं करायला हवी असं कुणालाही वाटेल. पण ज्या माणसानं जन्मभर घाटाघाटातून यष्टी काढली, तो विजेच्या बटणाला घाबरतो. आपल्याकडे घरोघरी कूलर झटका मारतो आणि आपण सगळे त्याला चप्पल घालून पाणी भरतो, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. लग्नघरात तर कूलरनं पाहुण्याला झटका दिला की आजूबाजूचे हसतात. सुखदेवला असाच एकदा कूलर चिकटला. मेव्हण्यानं वेळेवर बटन बंद केलं म्हणून सुटला. त्या दिवसापासून तो टेबलफॅनसुद्धा बायकोकडून लावून घेतो. त्यामुळे घरगाडीचं स्टिअरिंग सुखदेवकडे आणि करंट तानाबाईकडे, अशी वाटणी आपोआप झाली.

तानाबाई तालुक्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत आया होती. नोकरीची सगळी वर्षं तिनं त्याच खोलीत काढली. तिथल्या मोठ्या सिस्टर केरळच्या. त्यांचं मराठी कधी सुधारलं नाही आणि हिंदी कधी बिघडायचं थांबलं नाही. पण "पहले देखो, बाद में हाथ लगाओ" हे वाक्य त्या दिवसातून इतक्यांदा म्हणत की तानाबाईच्या अंगातच भिनलं. हातात वस्तू असताना बोलायचं नाही, एक काम पुरतं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही, आणि कुणी रडो, ओरडो, शिव्या देवो, आपला क्रम मोडायचा नाही. डॉक्टर बदलून गेले, इमारत नवी झाली. बाईचा क्रम तोच राहिला.

तोच क्रम तिनं घरगाडीला लावला. पहिल्यांदा रिकाम्या हातानं जाऊन पॉइंट बघायचा. ओल आहे का, काळा पडलाय का, प्लग घातला तर लोंबतो का. मग मुलीनं, नंदिनीनं आणून दिलेली तीन दिव्यांची छोटी डबी त्यात खोचायची. दिवे बरोबर लागले तर तारा जागच्या जागी आहेत. मग गाडीत जाऊन सगळं बंद करायचं, गाडीचा मेन खाली पाडायचा. वायरीचं वेटोळं पूर्ण सोडायचं, कारण गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. एक टोक आधी गाडीला, दुसरं नंतर भिंतीला, आणि भिंतीवरचं बटन तोवर बंद. मग बटन चालू, मग गाडीचा मेन, मग एकेक वस्तू. निघताना हेच सगळं उलटं. आधी आतल्या वस्तू बंद, मग मेन, मग भिंतीचं बटन, मग भिंतीतला प्लग काढायचा आणि गाडीकडचं टोक सगळ्यात शेवटी. चालू लाइनीतून प्लग ओढून काढणारा माणूस दिसला की तानाबाईला तो चालत्या यष्टीतून उडी मारणाऱ्या माणसासारखा दिसतो.

हे सगळं ती मोठ्यानं बोलत करते. ती विचारते, "मेन बंद?" सुखदेव हात पाठीमागे बांधून उत्तर देतो, "बंद." "फ्रीज बंद?" "बंद." "एसी?" "बंद, बाई, बंद." गावोगावची पोरं ही गंमत बघायला जमतात. सुखदेवला त्याचं काही वाटत नाही. उलट बायको वाकून प्लग लावत असते तेव्हा तो तिच्याकडे असा बघत असतो की लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला ते शोभत नाही.

या सगळ्यात तानाबाईची एक पायरी अशी आहे जी इतर कुणी करत नाही. पहिली वस्तू चालू झाली की ती खाली उतरते, चप्पल नीट पायात आहे ना बघते, आणि टेस्टरचं टोक गाडीच्या पत्र्याला लावते. टेस्टरमधला दिवा विझलेला राहिला तरच नवऱ्याला गाडीत चढू देते. "डबी सगळं बरोबर दाखवते ना, मंग हे काऊन?" असं सुखदेवनं एकदा विचारलं होतं. "ऑपरेशन झालं तरी नाडी पाह्यतोच ना," असं ती म्हणाली.

आता तिच्या भावाची गोष्ट.

अल्लीपूरचा चिंधू तिच्याहून मोठा. बाप लवकर गेला तेव्हा चिंधूनं शाळा सोडली आणि दुसऱ्याच्या शेतावर सालदार म्हणून राहिला. तानाबाईला मात्र दहावीपर्यंत शिकवलं. वस्तीतली पोरगी शिकून काय करणार असं म्हणणाऱ्यांना त्यानं कधी उत्तर दिलं नाही, फक्त दर जूनमध्ये तिला नवी वही आणून दिली. पुढे स्वतःची थोडी कोरडवाहू जमीन केली, घर बांधलं. घर बांधलं म्हणजे खरोखरच स्वतःच्या हातानं बांधलं. छप्पर, दारं, बकऱ्यांचा गोठा, न्हाणी, घरातली वायरिंगसुद्धा. कामाला कारागीर बोलावणं म्हणजे चिंधूला आपला पराभव वाटतो. त्याच्या हाताला गुण आहे, हे खरं. आणि हाताला गुण असलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की बाबा, हे तुला नीट येतं का.

गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला घरगाडी पहिल्यांदा अल्लीपूरला गेली. बहीण गाडी घेऊन मुक्कामाला येणार, हे चिंधूनं वस्तीभर सांगितलेलं. आणि तानाबाईनं भिंतीवरचा पॉइंट बघितला तर त्याला दोनच छिद्रं. "भाऊ, तीन छिद्रं पाह्यजेत. तिसऱ्याबिगर मी गाडी लावत नाई," असं ती म्हणाली. ऊन मरणाचं होतं, सुखदेवचा चेहरा उतरलेला. संध्याकाळी ती निघाली. मग वर्षभर तिचा फोन आला की चिंधू "धर, तुई नणंद हाय" म्हणून बायकोच्या हातात फोन देत राहिला. माहेर म्हणजे तानाबाईला आता तेवढा एक भाऊच उरला होता. या वर्षीही मुक्काम न करता परतलो तर तो पुन्हा बोलावणार नाही, हे तिला फोनवरच्या त्या एका वाक्यातून कळत होतं.

या वर्षीच्या पौर्णिमेला ऊन कलल्यावर गाडी अल्लीपूरला पोचली. विहारावर पंचशील ध्वज लावलेले, लहानथोर पांढऱ्या कपड्यांत. चिंधूही पांढराशुभ्र सदरा घालून रस्त्यातच उभा होता. "जय भीम, जवाईबापू," म्हणून त्यानं सुखदेवचा हात धरला आणि बहिणीला म्हणाला, "पह्यले इकडे ये. मंग बाकीचं."

घराच्या बाहेरच्या भिंतीवर नवा कोरा बोर्ड होता. निळ्या रंगानं रंगवलेला. पावसाचं पाणी पडू नये म्हणून त्यावर पत्र्याचं छोटं छप्पर, आणि त्या छप्पराला झेंडूची माळ. तीन छिद्रं.

"तुह्यासाठी बसोला," चिंधू म्हणाला. "माह्या हातानं. पाहून घे, तुले पाह्यची सवय हाय."

शेजारची चार माणसं कुंपणाशी येऊन थांबली होती. चिंधू हात मागे बांधून निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा उभा राहिला. तानाबाईनं पॉइंट बघितला. कुठे डाग नाही, ओल नाही, प्लग घट्ट बसत होता. तिनं डबी खोचली. दिवे बरोबर लागले. जरा मंद होते.

"कमजोर दिसते, भाऊ."

"अवो, ह्या टायमाले साऱ्या गावाचे कूलर चालू राह्यते. व्होल्टेज पडतेच."

हे खरं होतं. आणि खरं सांगायचं तर तानाबाईला ते खरं असायलाच हवं होतं. झेंडूच्या माळेखालच्या पॉइंटमध्ये खोट काढायची तिची छाती झाली नाही. "छान बसोला," ती म्हणाली. चिंधूनं कुंपणाकडे बघितलं. ऐकलं ना सगळ्यांनी, असा त्याचा चेहरा होता.

मग नेहमीचं सगळं झालं. "मेन बंद?" "बंद." वायर पूर्ण सोडून झाली, एक टोक गाडीला, एक भिंतीला. बटन चालू. मेन चालू. तानाबाईनं फ्रीज लावला. त्याच क्षणी घरातला पंखा धीमा झाल्याचा आवाज तिनं ऐकला. ती पायऱ्यांवरून खाली उतरली आणि टेस्टर पत्र्याला टेकवला.

दिवा लागला.

तिनं टेस्टर उचलून पुन्हा टेकवला. पुन्हा लागला. आणि मान वर केली तर समोरून तिची भावजय विमलाबाई येत होती. अंगण थंड व्हावं म्हणून तिनंच नुकतं पाणी शिंपडलेलं, त्या ओल्या मातीवरून अनवाणी. एका हातात नणंदेसाठी खिरीची वाटी, आणि दुसरा हात गाडीच्या दाराच्या मुठीकडे निघालेला.

"हात नको लावू!" तानाबाई किंचाळली. "दूर हो! दूर!"

विमलाबाई दचकून मागे सरली. वाटी पडली, खीर मातीत गेली.

चिंधूचा चेहरा बघवत नव्हता. हे शब्द त्यानं लहानपणी मालकाच्या ओसरीसमोर ऐकले होते, अगदी याच सुरात, पाण्याचं भांडं धरून उभा असताना. ते शब्द पुन्हा कुणी आपल्याला म्हणू नये म्हणून तर त्यानं बहिणीला शिकवलं होतं. आणि आज पौर्णिमेच्या दिवशी, त्याच्याच अंगणात, त्याच्या बायकोला ते ऐकावे लागले. बहिणीकडून.

"काऊन वो," तो हळू आवाजात म्हणाला. "आमच्या हातानं गाडी बाटते का तुही?"

तोंड उघडून सांगावं, भावाचे पाय धरावेत, असं सगळं एकदम तानाबाईच्या मनात आलं. पण ती आधी भिंतीकडे गेली, बटन बंद केलं, प्लग ओढून काढला आणि मोकळा झालेला प्लग वर धरून सगळ्यांना दाखवला. तेवढा वेळ भावाचे ते शब्द अंगणात तसेच लटकत राहिले. मग ती विमलाबाईकडे गेली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले.

"वयनी, गाडीत करंट उतरला होता. तू हात लावला असता तं..." सुखदेव पुढे आला आणि म्हणाला, "खरं हाय, चिंधूभाऊ. मी पाह्यला दिवा."

"डबीनं तं बरोबर दाखोलं!" चिंधू म्हणाला. "माह्या पॉइंटात काई खोट नाई."

तानाबाईनं घराचा मेन पाडायला लावला आणि बोर्डाचे स्क्रू काढले. आत तारा सुबक बसवलेल्या होत्या. चिंधूचं काम ते. फक्त तिसऱ्या छिद्राला जमिनीतून आलेली अर्थिंगची तार नव्हतीच. दुसऱ्या छिद्राची तार एका छोट्या तुकड्यानं तिसऱ्याला जोडून दिली होती.

"तू म्हनली तीन पाह्यजेत. केले तीन," चिंधू म्हणाला.

"अन् दुसऱ्याची तार कुठून आणली?"

त्यानं घरामागच्या न्हाणीकडे बोट केलं. न्हाणीच्या सांडपाण्यात लोखंडाची एक सळाख ठोकलेली होती आणि तिला तार गुंडाळलेली. खांबावरून येणारी न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, तार कधीची सैल झाली होती. दिवे कमीजास्त व्हायचे. कुणीतरी सांगितलं की जमिनीतून न्यूट्रल घे, मस्त चालते. चिंधूनं सळाख ठोकली आणि खरंच मस्त चाललं. गावात अनेकांनी तसंच केलेलं होतं. मग खांबावर चढायला माणूस बोलावायचा कशाला?

तानाबाईला आता सगळं दिसलं. फ्रीज चालू झाला की त्याचा करंट त्या सळाखेतून जमिनीत जायला बघणार. ओली असली तरी माती ती, सगळा करंट ती सहज थोडीच घेणार. मग तो दुसऱ्या छिद्रावर चढून बसणार, तिथून त्या तुकड्यावाटे तिसऱ्यात, आणि तिसऱ्यातून गाडीच्या पत्र्यात. ज्या छिद्रानं माणसाला वाचवायचं, तेच पत्र्यात करंट आणून सोडत होतं. करंट गळला की आपोआप पडणारा गाडीतला सेफ्टी स्विचही पडला नसता, कारण हा करंट त्याच्या वाटेनं येतच नव्हता. डबीच्या दिव्यांना तर हे कळणंच शक्य नव्हतं.

"माह्यं चुकलं, भाऊ," ती म्हणाली. "मी तुले छिद्रं मोजून सांगतली. ते कशाले लागते, हे नाई सांगतलं."

पण चिंधू अजून धुमसत होता. त्यानं तरातरा जाऊन घराचा मेन वर केला. आतला पंखा फिरायला लागला. "ह्याच लायनीवर आमी दोन वर्सं जगून राह्यलो," तो म्हणाला. "मेलो का आमी? तुह्या गाडीलेच बरा करंट लागला! पाय, पंखा चालू हाय, कूलर चालू हाय. काई होत नाई कोनाले."

"नळाले येते झिनझिनी," विमलाबाई म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की सगळ्यांना तिच्याकडे वळून बघावं लागलं. "हलकीच येते," ती घाईनं म्हणाली. "मी चप्पल घालूनच भांडे घासतो. म्हनून तं मुठीले पन्नी बांदली."

न्हाणीतल्या नळाच्या मुठीला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली होती. सळाखेजवळच्या ओल्या मातीतून करंट नळाच्या पायपात शिरत होता. चिंधूनं ती रोज बघितली होती. नळ गळत असेल म्हणून बांधली असेल, असं त्याला वाटायचं. एक दिवस सवड काढून वायसर बदलायचा, असंही त्यानं ठरवून ठेवलं होतं.

सुखदेव तानाबाईच्या कानाशी आला. "विहाराच्या अंगनात घेऊ गाडी. तिथली लाइन चांगली हाय. तिथूनच येनं-जानं करू."

शहाणपणाचं होतं ते. नवऱ्याचं हृदय, दिवसभर तापलेली गाडी, समोर फुगून बसलेला भाऊ. पण गाडी या अंगणातून हलली की भाऊ गेला, हे तानाबाईला स्पष्ट दिसत होतं. आणि तिला ती पन्नी दिसत होती. पहाटे उठून अंधारात पायानं चप्पल चाचपणारी भावजय दिसत होती. आपण तपासणी करायची ती आपल्या गाडीपुरती, आणि प्लग काढून निघून जायचं. मागे घर त्याच लाइनीवर चालू. गेल्या वर्षी आपण हेच केलं. दोन छिद्रं बघितली आणि गाडी वळवली. न्हाणीपर्यंत चार पावलं काही चालून गेलो नाही.

ती सरळ घरात गेली आणि चिंधूनं नुकताच वर केलेला मेन तिनं खाली पाडला. पंखा बंद, कूलर बंद, शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद. सणाच्या दिवशी दिवेलागणीला सगळं घर काळोखात गेलं.

"हे काय करून राह्यली?" चिंधू ओरडला.

"ज्या लायनीवर मी माह्या नवऱ्याले झोपू देत नाई," तानाबाई म्हणाली, "त्या लायनीवर माह्या भावाले कशी झोपू देऊ?"

वर्षभर फोन बायकोच्या हातात देणारा तो माणूस मान खाली घालून उंबरठ्यावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला काळोखाची मदत झाली, असं सुखदेव अजूनही सांगतो. सुखदेव असं काही सांगायला लागला की तानाबाई त्याला गप्प करते.

बाजा अंगणात आल्या. सुखदेवला सगळ्यात वाऱ्याच्या जागी बाज मिळाली, डोक्याशी ओला टॉवेल आणि पाण्याचा गडवा. गावापलीकडून चंद्र वर यायला लागला होता. शेजारणीनं रस आणि शेवया पाठवल्या. जेवणं झाली. विमलाबाई पडलेली वाटी उचलून धुवायला न्हाणीकडे गेली.

तिनं सवयीनं चप्पल घातली. बोटांच्या मागच्या बाजूनं नळाला हलकेच शिवून बघितलं आणि हात झटकन मागे घेतला. पुन्हा शिवून बघितलं. मग दोऱ्याची गाठ सोडून पन्नी काढली आणि आख्खा तळहात मुठीवर ठेवला. तिथं ती बराच वेळ तशीच उभी राहिली, नळ उघडायचंही तिला सुचलं नाही. मग चप्पल काढून बाजूला ठेवली आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून वाटी धुतली.

चिंधू मागे येऊन उभा होता. "तू बोलली काऊन नाई?" त्यानं विचारलं.

"तुमी मोठ्या हौसेनं केलं होतं," ती म्हणाली.

चिंधू घरात गेला, मेन खालीच आहे ना हे हात लावून बघितलं, आणि सब्बल, म्हणजे पहार, घेऊन बाहेर आला. सळाखेभोवतीची तार सोडली, माती उकरली. सळाख खोल ठोकलेली होती. चांगलं ठोकायची सवय त्याची. घामानं त्याचा पांढरा सदरा पाठीला चिकटला, पण त्यानं सुखदेवला हात लावू दिला नाही. शेवटी ती निघाली तेव्हा त्यानं ती कुंपणापलीकडे फेकून दिली. मग फोन काढला आणि वायरमनला लावला. खांबावरची तार बघायला कुणाला सांगायचं, अर्थिंगचा खड्डा किती खोल घ्यायचा, मीठ-कोळसा किती लागतो, सगळं विचारून घेतलं. चिंधूला कुणाला काही विचारताना विमलाबाई पहिल्यांदाच बघत होती.

मग तो बहिणीच्या बाजेपाशी आला आणि पायथ्याशी टेकला.

"वायरमन उद्या दुपारून येतो म्हनते," तो म्हणाला. "तवर थांबशीन ना, तानी?"

"थांबीन," तानाबाई म्हणाली. "अन् तो गेल्यावरबी थांबीन."